अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स : निगेटिव्ह ते प्रिंट

कॅमेऱ्यातली ‘रॉ’ फाइल संगणकावर उजळ-गडद करणाऱ्यांना एक टोमणा हमखास ऐकावा लागतो : खरा छायाचित्रकार फोटो घेतानाच सगळे साधतो. हा वाद डिजिटल कॅमेऱ्याहून जुना आहे. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी दोन्ही कामांना आयुष्यभर सारखेच महत्त्व दिले.

२० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या अ‍ॅडम्स यांना पियानोवादक व्हायचे होते. १९१६ मध्ये योसेमिटीच्या सहलीत कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा हाती आला आणि पुढे पियानो मागे पडला. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील ‘हाफ डोम’ कड्याचा फोटो घेताना, पिवळ्या फिल्टरने आकाश फिके येईल हे त्यांच्या लक्षात आले. उरलेल्या शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. निळा प्रकाश अडला आणि आकाश जवळजवळ काळे उतरले. तयार चित्र आधी मनात पाहायचे, ही त्यांची पद्धत इथून पक्की झाली.

१९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी ‘झोन सिस्टीम’ मांडली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १० अशा ११ पायऱ्या, आणि दर पायरीला प्रकाश दुप्पट. दृश्यातला कोणता भाग कोणत्या पायरीवर यावा हे ठरवून त्यानुसार एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग करायचे.

या विद्येची कसोटी १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाजवळ लागली. (अ‍ॅडम्स यांनी तारीख नोंदवली नव्हती, ती पुढे चंद्राच्या स्थानावरून गणिताने काढली गेली.) चंद्र वर आला होता आणि मावळतीचे ऊन स्मशानातल्या क्रुसांवरून सरकत होते. लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती; तिच्यावरून हिशेब करून त्यांनी एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले. दुसरा फोटो घेण्याआधीच ऊन गेले.

हाती एकच निगेटिव्ह आली, तीही अवघड. पुढचा भाग इतका फिका होता, की साधी प्रिंट निस्तेज येई. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा तेवढाच भाग रसायनाने अधिक दाट केला. डार्करूममध्ये कागदाच्या काही भागांवर प्रकाश अडवून, काहींवर जास्त देऊन ते आकाश गडद करीत गेले. चार दशकांत या निगेटिव्हच्या हजाराहून अधिक प्रिंट निघाल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढग दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळे आहे.

पण त्या एका सेकंदात नोंदले गेले नसते, ते कोणत्याही रसायनाने परत आले नसते. ‘रॉ’ फाइलचेही तसेच आहे. सेन्सरचा एखादा भाग प्रकाशाने पूर्ण भरला, की तिथला तपशील कायमचा जातो. फार अंधारलेला भाग उजळला, तर सोबत दाणेदार गोंगाटही उजळतो. फिल्मवर फोटो घेताना सावल्या सांभाळायच्या, सेन्सरवर उजळ भाग, संस्कार त्यानंतर.

अ‍ॅडम्स यांनी आपले तंत्र ‘द कॅमेरा’, ‘द निगेटिव्ह’ आणि ‘द प्रिंट’ या तीन पुस्तकांत मांडले आणि यापुढची मोठी झेप इलेक्ट्रॉनिक प्रतिमेची असेल, असे भाकीतही केले. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.