बेलगाम रक्तदाब आणि कोमट पाणी

फ्रँकलिन रूझवेल्ट तरुणपणी एका जागी बसणारे नव्हते. पोहणे, गोल्फ आणि शिडाची होडी हे त्यांचे छंद. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. डॉक्टरांनी पोलिओचे निदान केले. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या गावी गेले. तिथल्या झऱ्याचे पाणी सुमारे ३१ अंश सेल्सिअस. जमिनीवर न उचलणारे पाय या कोमट पाण्यात थोडेफार हलत. पाय बरे झाले नाहीत. पण पोहण्याने खांदे आणि दंड भक्कम झाले. १९३३ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा लोकवर्गणीतून व्हाइट हाउसमध्ये त्यांच्यासाठी पोहण्याचा तलाव बांधण्यात आला.

पुढे युद्धाच्या धकाधकीत पोहणे मागे पडले. रक्तदाब मात्र चढतच होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ होता, १९४१ मध्ये १८८/१०५. त्यांचे खासगी डॉक्टर नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते. वयाबरोबर दाब वाढायचाच, असे तेव्हा अनेक डॉक्टर मानत.

मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना तपासले. दाब १८६/१०८, हृदय मोठे झालेले आणि थकलेले. ब्रून यांनी डिजिटॅलिस सुरू केले, मीठ आणि सिगारेटी कमी करायला लावल्या, वजन उतरवले, विश्रांती वाढवली. धाप कमी झाली, पण दाब हटला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस वॉर्म स्प्रिंग्जच्या मुक्कामात तो २६०/१५० वर पोहोचला. लघवीवाटे मीठ बाहेर टाकून दाब उतरवणाऱ्या गोळ्या यायला अजून एक तप जायचे होते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्याच गावी, चित्रकारासमोर बसलेले असताना त्यांचे डोके तीव्र दुखू लागले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दाब ३०० च्या वर गेला आणि काही तासांत ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज अशा रुग्णाला तीन-चार प्रकारच्या गोळ्या मिळतात. तीन औषधे, त्यांत एक लघवीचे, पुरेशा मात्रेत घेऊनही दाब आटोक्यात येत नसेल, तर त्याला औषधांना न जुमानणारा रक्तदाब म्हणतात. अशाच रुग्णांवर ब्राझीलमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात ३० ते ३२ अंशांच्या पाण्यात आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे व्यायाम घेतला गेला आणि दाब लक्षणीय उतरला. हे तापमान जवळपास वॉर्म स्प्रिंग्जचेच. पोर्तुगालमधील ६० रुग्णांच्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांच्या मध्यम व्यायामाने, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, २४ तासांचा वरचा दाब सरासरी ७ अंकांनी कमी झाला. हा फायदा औषधे चालू असतानाचा होता.

पोहण्याने रूझवेल्ट वाचले असते, असे म्हणता येणार नाही. व्यायाम करताना दाब काही वेळ वाढतोच. म्हणून दाब १८० च्या घरात असेल तर आधी डॉक्टर, मग तलाव किंवा मैदान. तो आटोक्यात आला की भरभर चालणे, सायकल, पाण्यातील व्यायाम हळूहळू वाढवावा. श्वास रोखून जड वजन उचलू नये. आणि दाब उतरला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.