गोठलेल्या समुद्रापलीकडून

फिनलंडमधला डिसेंबर कसा असतो, हे आपल्याला नुसतं सांगून कळायचं नाही. हेलसिंकीला त्या महिन्यात दिवस जेमतेम सहा तासांचा. दुपारचा चहा होतो न होतो तोच दिवेलागण. आपल्या कोकणच्या बोटी जशा पावसाळ्यात बंद होत, तशी तिकडची बहुतेक बंदरं एकेकाळी हिवाळ्यात बंद होत, समुद्रच गोठायचा. अशा देशातला एक माणूस १९०५ ते १९२१ या काळात पाच वेळा इंग्लंडला गेला, आणि त्यातल्या चार खेपा ऐन हिवाळ्यातल्या. तो माणूस म्हणजे संगीतकार जाँ सिबेलियस. त्याचं संगीत ऐकताना डोळ्यांपुढे बर्फ आणि अरण्यं येतात, असं पुष्कळजण म्हणतात. मला मात्र त्यात कर्जाच्या काळजीनं घराबाहेर पडलेला एक संसारी माणूस दिसतो.

हे कर्ज त्याच्या पाचवीलाच पुजलेलं. ८ डिसेंबर १८६५ रोजी हमेनलिना या गावी त्याचा जन्म झाला. वडील डॉक्टर, रुग्णांची सेवा करताना १८६८ मध्ये टायफसनं गेले आणि मागं ठेवली ती देणी. आईला मुलं घेऊन माहेरी राहावं लागलं. घरात त्याला यान्ने म्हणत. 'जाँ' हे फ्रेंच वळणाचं नाव त्यानं पुढं स्वतः घेतलं, तेही आपल्या जहाजावर कप्तान असलेल्या दिवंगत काकांच्या व्हिजिटिंग कार्डांवरून! समुद्राशी नातं जडलं ते असं, नावापासूनच.

व्हायोलिनवादक व्हायचं त्याच्या फार मनात होतं. ते जमलं नाही, आणि जगाच्या दृष्टीनं ते बरंच झालं. १८९२ साली आयनो यार्नेफेल्टशी लग्न झालं. १८९७ पासून सरकारनं वर्षासन दिलं, 'फिनलंडिया'मुळे नाव सर्वतोमुखी झालं. पण रशियन साम्राज्यात असलेल्या फिनलंडला आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराचं संरक्षण नव्हतं, त्यामुळे कीर्तीच्या मानानं पैसा येत नव्हता. आणि जो येई तो हेलसिंकीच्या हॉटेल केम्पमध्ये मित्रांच्या बैठकींत, शॅम्पेन आणि सिगारमध्ये जाई. १९०० मध्ये धाकटी मुलगी किर्स्ती टायफसनं गेली, त्यानंतर तर हे पिणं फारच वाढलं.

शहरापासून दूर गेल्याशिवाय गत्यंतर नाही, हे दोघांनाही कळत होतं. १९०४ मध्ये हेलसिंकीच्या उत्तरेला, यार्वेनपा इथं, लाकडी घर बांधून ते राहायला गेले. घराला नाव दिलं 'आयनोला', म्हणजे आयनोचं घर. ते अक्षरशः तिचंच होतं. बाग तिची, भाजीचे वाफे तिचे, सफरचंदाची झाडं तिची. सॉनाचं घर कसं असावं याचा आराखडाही तिनंच काढला. मुलींना लिहायला-वाचायला तीच शिकवी. पियानोचा सराव मुलींनी करायचा तो वडील बाहेर पडल्यावर. नळ घरात आले ते सिबेलियसच्या मृत्यूनंतर, कारण पाइपातून पाणी वाहण्याचा आवाज त्याला खपला नसता, असं सांगतात. म्हणजे इतकी वर्षं, तिकडच्या त्या थंडीत, पाणी बाहेरून आणायचं! जगाला शांततेतून उमललेलं संगीत मिळालं, आणि त्या शांततेसाठी घरातल्या बायकांनी बादल्या वाहिल्या. थोरांच्या चरित्रांत हा हिशेब बहुधा मांडला जात नाही.

त्या काळी फिनलंडहून इंग्लंडला हिवाळ्यात जायचं कसं? देशाच्या दक्षिण टोकाला हांको नावाचं बंदर आहे. तिथला समुद्र त्यातल्या त्यात कमी गोठतो. १८७३ मध्ये रेल्वे तिथवर पोचली आणि १८९० मध्ये 'मुर्ताया' हे बर्फ फोडणारं जहाज आलं. मग हिवाळ्यातही हांकोहून जहाजं सुटू लागली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हल हे त्यांचं एक मुख्य मुक्कामाचं बंदर. या जहाजांतून लोण्याची पिंपं जात आणि माणसंही जात. गरीब फिनिश कुटुंबं हलला उतरत, तिथून आगगाडीनं लिव्हरपूल गाठत आणि पुढं अमेरिकेची बोट धरत. दुसरी वाट लांबची. जर्मनीवरून आगगाडीनं आणि शेवटी खाडी ओलांडून.

१९०५ च्या नोव्हेंबरअखेर सिबेलियस पहिल्यांदा इंग्लंडात पाऊल ठेवता झाला तो डोव्हरला. स्वागत कसं? सिगार जाहीर न करता आणले म्हणून जकातवाल्यांनी दंड केला! तिथून लिव्हरपूल. तिथं त्यानं आपली पहिली सिंफनी आणि 'फिनलंडिया' सादर केली. बोलावणारा होता ग्रॅनव्हिल बँटॉक हा संगीतकार. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी या पाहुण्याला असं काही जपलं, की इंग्लंडची नाणी कशी असतात हे आपल्याला कळलंच नाही, असं तो पुढं गमतीनं सांगे. कर्जानं गांजलेल्या माणसाला याहून मोठं सुख कोणतं? तिसरी सिंफनी त्यानं बँटॉकलाच अर्पण केली.

याच काळात रोझा न्यूमार्च ही विदुषी भेटली. तिनं सिबेलियसवर लिहिलं, व्याख्यानं दिली, आणि पुढं वर्षानुवर्षं त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवला. इंग्लंडात सिबेलियस रुजला, त्यात या बाईचा वाटा मोठा आहे.

घरी मात्र काय होतं? १९०७ मध्ये आयनो नवऱ्याच्या पिण्यानं आणि ओढाताणीनं इतकी थकली की तिला आरोग्यधामात ठेवावं लागलं. २७ फेब्रुवारी १९०८ रोजी लंडनमध्ये तिसरी सिंफनी वाजली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्याच्या घशात गाठ निघाली. बर्लिनमध्ये पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरांनी दारू आणि सिगार बंद केले. आणि ज्याला कुणी आवरू शकलं नव्हतं त्या माणसानं, मरणाच्या भीतीनं का होईना, सुमारे सात वर्षं दोन्हीला हात लावला नाही. आयनोनं ही वर्षं सुखाची मानली, असं तिच्या चरित्रकारांनी नोंदलं आहे.

१९०९ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा लंडनला आला, तो या अवस्थेत. मेजवान्या होत्या, डेब्युसीची भेट झाली, पण हातात पेला नाही, ओठांत सिगार नाही; आणि गाठ परत येईल ही धास्ती. केन्सिंग्टन भागात खोली घेऊन तो स्ट्रिंग क्वार्टेट लिहीत बसला. त्याच प्रवासात पुढं पॅरिसला ती पुरी झाली. तिचं नाव 'अंतरीचे आवाज' या अर्थाचं, लॅटिन. सिबेलियसची ओळख करून घ्यायची असेल, तर 'फिनलंडिया'च्या आधी मी ही रचना ऐकायला सांगेन. चार वाद्यं, आणि रात्री एकटा जागणारा माणूस.

१९१२ ची खेप तेवढी शरद ऋतूतली. बर्मिंगहॅमच्या महोत्सवात त्यानं आपली चौथी, कडवट सिंफनी सादर केली. मग महायुद्ध, मग १९१८ चं फिनलंडमधलं यादवी युद्ध आणि उपासमार. १९२१ च्या फेब्रुवारीत तो शेवटचा इंग्लंडला आला. पाचवी सिंफनी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये वाजली. तरुण फिनलंड प्रजासत्ताकाचा तो आता जणू वकीलच होता.

पुढं तो गेला नाही, त्याचं संगीत जात राहिलं. १९३० मध्ये फिनिश सरकारच्या मदतीनं रॉबर्ट कजानुसनं लंडनमध्ये त्याच्या पहिल्या दोन सिंफनींच्या ध्वनिमुद्रिका केल्या. १९३८ मध्ये बीचमनं लंडनला सिबेलियस महोत्सवच भरवला. पण या प्रेमाचं ओझं होतंच. आठवी सिंफनी कधी, असं बोस्टन विचारी, लंडन विचारी. सिबेलियस आश्वासनं देई आणि पुन्हा पानं खोडी. अखेर चाळीसच्या दशकात कधीतरी त्यानं टोपलीभर हस्तलिखितं आयनोलाच्या जेवणघरातल्या शेकोटीत जाळली. आयनोला ते बघवेना, ती खोलीतून निघून गेली. त्यानंतर तो शांत झाला, हेही तिनंच सांगून ठेवलं आहे. आठवी गेली याचं दुःख मला आहे. तरी आयनोच्या बाजूनं पाहिलं की ते दुःख जरा कमी होतं.

मधल्या काळात आक्रीत घडलं होतं. ६ डिसेंबर १९४१ रोजी, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनीच, ब्रिटननं फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारलं. तरीही १९४३ मध्ये इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सनं आपली पाचवी सिंफनी सिबेलियसला अर्पण केली. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला! म्हाताऱ्यानं ती रेडिओवर, स्टॉकहोमहून ऐकली. संचालक होते माल्कम सार्जंट. रात्री रेडिओची बटणं फिरवत परमुलखातली केंद्रं शोधणं, हाच त्याचा आता प्रवास होता.

१९५५ मध्ये नव्वदी झाली. भेटींमध्ये विन्स्टन चर्चिलनं पाठवलेले हवाना सिगार होते. डोव्हरच्या दंडाला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

२० सप्टेंबर १९५७ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं सिबेलियस आयनोलात बेशुद्ध पडला. त्याच संध्याकाळी हेलसिंकीत त्याची पाचवी सिंफनी वाजणार होती, आणि ती बसवायला लंडनहून आले होते तेच माल्कम सार्जंट. रेडिओवरून कार्यक्रम सुरू झाला. सूर कानांवर पडले तर कदाचित तो शुद्धीवर येईल, असं आयनोच्या मनात आलं. पण तिनं रेडिओ लावला नाही. त्याच रात्री तो गेला. बागेतच त्याला पुरलं. १९६९ मध्ये आयनोही तिथंच विसावली.