उपाशी दिवसांची बेगमी

पावसाळा तोंडावर आला की धान्य भरून ठेवायचे, पापड-कुरडया वाळवून डबे भरायचे, ही आपल्या घरांची जुनी रीत. डोळ्यांना न दिसणारे जिवाणूही अशीच बेगमी करतात, हे चटकन खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे, आणि हे गुपित उलगडण्यामागे एका हाडाच्या शिक्षकाची पुण्याई आहे. त्यांचे नाव कॉर्नेलिस व्हॅन नील.

हॉलंडमधील हार्लेम गावी १८९७ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. रिवाजाप्रमाणे मुलाने व्यापारात पडायचे होते. पण पंधराव्या वर्षी सुटीत एका परिचिताच्या शेतीवर त्यांनी मातीचे आणि खतांचे प्रयोग पाहिले आणि विज्ञानाची ओढ लागली. डेल्फ्ट येथे क्लुय्व्हर यांच्या हाताखाली ते तयार झाले. १९२८ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह येथे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सागरी केंद्रात गेले.

तिथे त्यांनी चिखलातले जांभळे आणि हिरवे जिवाणू वाढवले. सूर्यप्रकाशावर जगणारे हे जीव पाण्याऐवजी सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक तयार करतात. यावरून १९३१ मध्ये त्यांनी अनुमान काढले, की झाडे सोडतात तो ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. दहा वर्षांनी जड ऑक्सिजन वापरून केलेल्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला.

त्यांचा खरा जीव मात्र शिकवण्यात होता. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांचा उन्हाळी वर्ग चालला. मोजकेच विद्यार्थी आणि दिवसभर चालणारी शिकवणी. पुढे नोबेल मिळवणारे आर्थर कोर्नबर्गही १९५३ मध्ये तिथे शिकून गेले.

त्यांचेच शिष्य रॉजर स्टॅनियर आणि मायकेल डुडोरॉफ यांनी सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये बेगमीचे कोडे मांडले. जांभळ्या जिवाणूला उजेडात अॅसिटेट दिले, तर तो पेशीत चरबीसारखे कण साठवतो. इतर काही खाद्य दिले, तर पिष्टासारखी साखर साठवतो. नायट्रोजन संपला की प्रथिने बनत नाहीत, वाढ थांबते. पण ऊन आणि कार्बन मिळतच असतो. मग तो कार्बन वाया न घालवता कोठारात जातो. नायट्रोजन पुन्हा मिळाला की त्याच शिदोरीवर पेशी उभी राहते. नील-हरित जिवाणूही उपासमारीत असाच ग्लायकोजेन साठवतात. तो साठवण्याची क्षमताच काढून घेतली, तर त्यांना तग धरणे कठीण जाते. त्या चरबीसारख्या कणांपासून आज मातीत कुजणारे प्लॅस्टिकही तयार होते.

व्हॅन नील १९८५ मध्ये कार्मेल येथे वारले. नोबेल त्यांच्या वाट्याला आले नाही. पण त्यांनी आपले ज्ञान स्वतःच्या नावावर न ठेवता विद्यार्थ्यांत साठवले. ती बेगमी आजही पुरते आहे.