टेडिंग्टनचे पाळक स्टीफन हेल्स

रेव्ह. स्टीफन हेल्स यांचा जन्म १६७७ साली इंग्लंडातील केंट परगण्यात झाला. केंब्रिजला शिकून ते १७०९ साली लंडनजवळील टेडिंग्टन गावचे पाळक झाले. १७६१ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती मंडळी सांभाळली.

पाळकाने सूर्यफुलाची कुंडी तोलत बसावे काय, असे कोणास वाटेल. १७२४ च्या उन्हाळ्यात हेल्स पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तेच करीत होते. कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने झाकलेले. तेव्हा वजन घटे ते पानांवाटे गेलेल्या पाण्याचे. दिवसा सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक. अति उष्ण, कोरड्या दिवशी ३०. उबदार रात्री सुमारे ३, आणि दव पडल्यास काहीच नाही. १७२७ साली हे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. झाडे पानांवाटे हवेतूनही अन्न घेत असावीत, हा तर्कही त्यात आहे.

तो खरा ठरला. पाणी जाते त्याच सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. उष्णतेबरोबर प्रकाशसंश्लेषण एका मर्यादेपर्यंत वाढते. पण कडक उन्हात पाणी राखण्यासाठी छिद्रे मिटली की अन्न तयार होणेही मंदावते. तहान टाळायची तर भूक सोसायची!

जिवंत घोड्यांवरील त्यांचे प्रयोग मात्र मला रुचत नाहीत. त्यांचे शेजारी कवी पोप यांनाही रुचले नव्हते. पुढे कोंदट तुरुंगांत तापाने मरणाऱ्या कैद्यांसाठी त्यांनी हवा खेळवणारी यंत्रे केली. न्यूगेट तुरुंगात व जहाजांवर ती बसली. हेल्स यांना टेडिंग्टनच्याच मंदिराच्या मनोऱ्याखाली पुरले आहे.