कै. कलामहर्षी बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ता. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरी एका कारागीर घराण्यात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु हस्तकलेचे धडे घरीच मिळाले. बंधू आनंदराव यांच्यासह नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी ‘पेंटर’ हे नाव कमाविले.

पुढे उभयतांना चलच्चित्रांचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा तो स्वहस्तेच घडविण्याचे ठरले. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तथापि बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली ते यंत्र सिद्ध केले. तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट झळकला.

१९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी दाखविला. आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. त्याच मुलखातील आपणां वरकुटेकरांस या कथेचे मर्म सांगावयास नको.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे सहकारी बाहेर पडले व त्यांनी ‘प्रभात’ स्थापिली. बाबूरावांची कंपनी पुढे टिकली नाही. त्यांनी शिकविलेली विद्या मात्र ‘प्रभात’च्या रूपाने फळास आली. ता. १६ जानेवारी १९५४ रोजी ते कालवश झाले. ऐपत नाही म्हणून विद्या अडत नाही, हा त्यांच्या चरित्राचा बोध आपल्या तरुणांनी ध्यानी धरावा.