गोदावरी कालव्याचा हिशेब मांडणारे धनंजयराव गाडगीळ

कोपरगाव : गोदावरी कालव्याला आवर्तन सुटलं की तालुक्यात दोनच विषय निघतात. पाणी टेलपर्यंत पोहोचणार का आणि पाणीपट्टी किती बसणार. पण या कालव्याने शेतकऱ्याचं आणि गावाचं नेमकं काय भलं झालं, याचा हिशेब फार वर्षांपूर्वी डॉ. धनंजयराव गाडगीळ यांनी मांडून ठेवला आहे. जिल्हा त्यांना प्रवरा कारखान्याचे पहिले चेअरमन म्हणून ओळखतो. त्यांची पहिली ओळख मात्र संशोधकाची.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला त्यांचा जन्म झाला. शाळा नागपूरला झाली आणि पुढचं शिक्षण इंग्लंडमध्ये केंब्रिजला. तिथे विद्यार्थी असताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आपल्याच मुलखाचा. रेल्वे आली, कापसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं, कारखाने निघाले. पण दुष्काळ पडला की शेतकरी का मोडतो आणि गावच्या कारागिराचा धंदा का बसला, हे त्यांनी आकडे लावून तपासलं. १९२४ मध्ये हा प्रबंध पुस्तक होऊन बाहेर आला. वय होतं अवघं तेवीस. पुढे कित्येक वर्षं कॉलेजची मुलं ते पुस्तक अभ्यासत होती.

काही वर्षं सुरतच्या कॉलेजात प्राचार्य राहून ते पुण्याला आले. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था सुरू झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत राहिले. पुस्तकं चाळून निष्कर्ष काढायचा नाही, गावात जाऊन विचारायचं, ही रीत त्यांनी तिथे पाडली. पुणे शहर, सोलापूर, वाई तालुका अशी पाहणी झाली. त्याच रांगेत गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी आली. तिचा अहवाल १९४८ मध्ये छापला गेला.

हे काम का महत्त्वाचं? इंग्रज सरकारच्या वहीत कालव्याचा हिशेब सरळ असायचा. बांधायला खर्च किती आला आणि पाणीपट्टी किती जमली. त्या हिशेबात दख्खनचे कालवे तोट्यात दिसायचे. तोट्याचा कालवा म्हटल्यावर नवा कालवा कोण काढणार? गाडगीळांनी पट्टीच्या पलीकडे पाहिलं. पाण्यामुळे शेतकऱ्याचं उत्पन्न किती वाढलं हा थेट फायदा. मजुराला काम, बाजारपेठेला उलाढाल, कारखान्याला ऊस हा आडून होणारा फायदा. दोन्ही धरूनच कालव्याचं मोल ठरवायचं, हा विचार त्यांनी पुढे आणला.

पाणी आलं तरी फायदा कोणाच्या पदरात, हा प्रश्न उरलाच होता. कालव्याखालच्या कितीतरी जमिनी खाजगी साखर कंपन्यांनी खंडाने घेतल्या होत्या. खंडकरी शेतकऱ्यांचं दुखणं या भागाला सांगायला नको. अशा वेळी लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचाच कारखाना काढायला निघाले. गावोगाव फिरून भागभांडवल जमवलं गेलं. अध्यक्ष म्हणून त्यांनी गाडगीळांना आणलं. पुण्याचा विद्वान आणि लोणीचा शेतकरी अशी ही जोडी जमली. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेची चाकं फिरली. गाडगीळ सुमारे दहा वर्षं अध्यक्ष होते. पाठोपाठ राज्यभर सहकारी कारखाने उभे राहिले.

पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ मध्ये केंद्राच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची, याचं १९६९ चं सूत्र आजही गाडगीळ सूत्र म्हणून ओळखतात. ३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे माहीत असलेले माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव.

गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला आज धनंजयरावांचं नाव आहे. तालुक्यातली बरीच मुलं-मुली अर्थशास्त्र, राज्यशास्त्र घेऊन एम.ए. करतात. प्रबंधाला विषय शोधताना त्यांनी एकदा आपल्या गावच्या चारीवर जाऊन बघावं. टेलच्या शेतकऱ्याला पाणी किती दिवस मिळालं आणि पट्टी किती भरावी लागली, हे विचारायला फार लांब जावं लागत नाही.