रंगाची रेघ आणि पाण्याचा थेंब : ऑस्बोर्न रेनॉल्ड्स

काचेच्या लांब नळीतून पाणी संथपणे वाहत आहे आणि त्याच्या मध्यभागी रंगाची एक बारीक रेघ सोडली आहे. ती रेघ नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत न विस्कटता सरळ जाते. पाण्याचा वेग हळूहळू वाढविला की एका विशिष्ट क्षणी ती थरथरते, तुटते आणि सारी नळी रंगून जाते. मँचेस्टरच्या ओवेन्स महाविद्यालयातील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी हा प्रयोग १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील चिपेवर एखाद्या सूक्ष्म थेंबात दोन द्रव मिसळू पाहणाऱ्या आजच्या संशोधकाला पहिली अडचण समजते ती याच प्रयोगातून.

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी बेलफास्ट येथे झाला. वडील धर्मोपदेशक आणि शाळेचे मुख्याध्यापक. गणितात निष्णात असूनही शेतीच्या अवजारांत सुधारणा करण्याचा त्यांना छंद होता. मुलाने हे दोन्ही गुण उचलले. त्याने आधी एका यंत्रशाळेत उमेदवारी केली, मग केंब्रिजला गणिताचा अभ्यास केला आणि १८६७ मध्ये पदवी मिळविली. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते ओवेन्समध्ये अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. परंतु वर्षभरातच पत्नीचे निधन झाले. शिक्षक म्हणून ते सुगम नव्हते. वर्गात बोलता बोलता स्वतःच्याच विचारात हरवून जाण्याची त्यांची ख्याती होती. इलेक्ट्रॉनचे संशोधक जे. जे. थॉमसन हे मात्र त्यांच्याच हाताखाली शिकले, ही गोष्ट नोंदवायलाच हवी.

थेंबांचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. पावसाने समुद्र शांत होतो, हा खलाशांचा अनुभव. रेनॉल्ड्स यांनी १८७५ च्या सुमारास त्याचे कारण शोधले. रंगीत पाण्याचा थेंब स्वच्छ पाण्यात पडला की त्याचे फिरते कडे तयार होऊन खाली जाते. तसेच पावसाचे थेंब पृष्ठभागावरील गती खोलवर नेतात आणि लाटा निवतात. थेंब पडला म्हणून पाणी आपोआप मिसळते, असे यावरून वाटेल. पण ते केवळ पुरेशा आकाराच्या आणि वेगाच्या प्रवाहाला लागू आहे, हे त्यांच्याच पुढच्या प्रयोगाने दाखविले.

वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करून त्याला श्यानतेने भागले की एक अंक मिळतो. नळीत तो सुमारे दोन हजारांच्या खाली असला तर भोवरे टिकत नाहीत. असा अंक स्टोक्स यांच्या १८५१ च्या लेखनातही आला होता. पण १९०८ मध्ये सोमरफेल्ड यांनी त्याला रेनॉल्ड्स यांचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. चहाचा कप चमच्याने ढवळताना हा अंक हजारोंच्या घरात असतो, म्हणून साखर क्षणात पसरते. एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या थेंबात द्रव सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने हलला, तर तो अंक सुमारे एक दशांश भरतो. तेथे भोवऱ्याला थाराच नाही. उरते ते विसरण. आणि प्रथिनासारख्या मोठ्या रेणूला अर्धा मिलिमीटर अंतर त्याच्या जोरावर कापायला वीस मिनिटे लागू शकतात. रक्ताच्या थेंबाची तपासणी झटपट व्हावी, असे ज्याला वाटते त्याला इतका वेळ परवडणारा नाही.

म्हणून थेंबातच ढवळणी घालावी लागते. ताक घुसळायला रवी लागते, तशीच ही अगदी लहान रवी. काही मायक्रोमीटर आकाराचे चुंबकीय कण थेंबात सोडतात. बाहेरून फिरते चुंबकीय क्षेत्र लावले की ते एकामागे एक जुळून साखळी करतात आणि क्षेत्राबरोबर फिरतात. दांडा नाही, दोरी नाही, थेंबाला स्पर्शही नाही. भोवरे तरीही उठत नाहीत. द्रवाचे थर मात्र ताणले जाऊन पातळ होतात आणि विसरणाला कापायचे अंतर घटते. येथे दिशाही महत्त्वाची आहे. इतक्या संथ प्रवाहात जेवढे पुढे फिरवले तेवढेच मागे फिरवले, तर रंग जवळजवळ मूळ जागी परततो! रवीची पुढे-मागे होणारी फिरकी ताकात चालते, थेंबात नाही.

रेनॉल्ड्स यांना १८७७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १८८८ मध्ये रॉयल पदक मिळाले. बेअरिंगमधील तेलाच्या पातळ थराचा त्यांचा १८८६ चा सिद्धान्त यंत्रशाळांत आजही वापरात आहे. पुढे विश्वाच्या रचनेविषयी त्यांनी लिहिलेला १९०३ चा ग्रंथ मात्र समकालीनांना फारसा उमगला नाही. प्रकृती ढासळल्याने १९०५ मध्ये ते निवृत्त झाले. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधील वॉचेट येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे मूळ उपकरण मँचेस्टर विद्यापीठाने जपून ठेवले आहे. रेनॉल्ड्स यांनी फार काळजी घेऊन रंगाची रेघ सुमारे तेरा हजार अंकापर्यंत सरळ राखली होती. पुढे विसाव्या शतकात त्याच उपकरणावर प्रयोग करून पाहिला, तेव्हा रेघ बरीच आधी विस्कटली. दोष नळीचा नव्हता. बाहेरच्या रस्त्यावरील वाहनांनी पाणी थरथरत होते.